बालवर्गाच्या ताईंना, एका प्रशिक्षणार्थीकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या प्रशिक्षणाचा काळ संपला, कागदपत्रांवर सह्या झाल्या, आणि निरोपाच्या दिवशी मुलांच्या गलबल्यात तुमच्याशी दोन शब्द नीट बोलणेही झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते फक्त तुमच्या हाती न देता सर्वांना वाचता यावे असे मी ठरवले, त्याला कारण आहे. बालवर्गातील शिक्षिकेच्या कामाचा फार थोडा भाग बाहेरच्या माणसाला दिसतो: भिंतीवर लावलेली चित्रे, पाठ झालेली बडबडगीते, दप्तरातून घरी गेलेला चिकटकामाचा कागद. तुमच्या कामातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला तो कागदावर उतरत नाही, आणि दारातून डोकावणाऱ्याला तर ते काम आहे असेही वाटणार नाही. तुम्ही मुलांसाठी थांबता. कधी थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि थांबलेले असताना स्वतःच्या हातांना व जिभेला कसे आवरायचे, हे तुम्ही मला जवळून पाहू दिलेत, आणि त्यासाठी मी तुमचा मनापासून आभारी आहे.

बुटाच्या पट्ट्याचा प्रसंग मी माझ्या निरीक्षण वहीत सविस्तर लिहून ठेवला आहे. मैदानावर जायची वेळ झाली होती, बाकीची मुले रांगेत उभी होती आणि एक मुलगा सतरंजीच्या कडेला बसून बकलाशी झटत होता. घाईच्या वेळी कोणताही मोठा माणूस वाकून ते बकल लावून मोकळा होईल. तुम्ही त्याच्या शेजारी खाली बसलात, पट्टा बकलातून ओवलात, काटा भोकात बसवलात आणि पट्ट्याचे टोक शेवटच्या कडीत सरकवण्याआधी हात काढून घेतलात. ‘आता तू,’ एवढेच म्हणालात. त्याने टोक चिमटीत धरले, ते निसटले, त्याने पुन्हा धरले, कडीच्या बाजूने घातले, मग कडीतून घातले आणि ओढले. तो उठून उभा राहिला तेव्हा बूट त्याने घातला होता, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. तोवर सेविका ताईंनी रांगेत बोटांचे गाणे सुरू करून दिले होते, म्हणून एकाही मुलाची चुळबुळ झाली नाही. हे तुम्हा दोघींचे आधीच ठरलेले असते, हे माझ्या नंतर लक्षात आले. पुढे काटा बसवणेही तुम्ही त्याच्याकडे सोपवलेत, आणि मग पट्टा ओवणे. काम शेवटाकडून सुरुवातीकडे त्याच्या हाती जात होते, त्यामुळे प्रत्येक वेळी पुरे करणारा तोच असे.

हे सारे मी अभ्यासक्रमात वाचलेले होते. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करण्यात आली होती, आणि मुलाला जे जमत नाही तेवढ्यापुरताच आधार देऊन, जमू लागताच तो काढून घेणाऱ्या मदतीला त्यांनी ‘स्कॅफोल्डिंग’ म्हटले. मारिया माँटेसरी यांच्या साधनांत बटणे, नाड्या आणि बकले बसवलेल्या चौकटी असतात, हेही मला परीक्षेपुरते ठाऊक होते. परंतु आधार काढून घेण्याचा नेमका क्षण पुस्तकात सापडत नाही. तुम्ही तो मुलाच्या बोटांकडे पाहून ओळखता. ओठ मुडपले गेले, नजर वर आली, हात ढिले पडले की तुम्ही जराशी मदत पुढे करता. तो खटपट करत असेल तोवर शेजारी बसून राहता.

गोलात बसल्यावर तुम्ही प्रश्न विचारता तेव्हाही असेच घडते. पाण्याच्या परातीत खडा बुडाला आणि पान तरंगत राहिले, त्या दिवशी तुम्ही ‘असं का झालं असेल?’ असे विचारून गप्प बसलात. ती शांतता मला असह्य झाली होती, हे कबूल करायला हवे; उत्तर माझ्या जिभेवर आले होते, पण तुमच्या चेहऱ्यावर कोणतीही घाई नव्हती, म्हणून मीही बोललो नाही. एरवी फारसे न बोलणाऱ्या एका मुलीने बऱ्याच वेळाने सांगितले, ‘पान पाण्याला धरून ठेवतं.’ तुम्ही ते उत्तर बरोबर किंवा चूक असे म्हटले नाही. ‘कशानं धरतं?’ एवढेच विचारलेत, आणि मग चार मुले एकदम परातीवर वाकली. कोणी पान उलटे ठेवले, कोणी ते चुरगाळून गोळा केले, आणि तो गोळा बुडतो की तरंगतो यावर डब्याच्या वेळेपर्यंत चर्चा चालली. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात प्राथमिक वर्गांतील विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग पुढे बोलू लागतात, असे तिला आढळले होते. शिक्षक तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबू लागले की मुलांची उत्तरे लांबतात, आपणहून बोलणारी मुले वाढतात आणि गप्प राहणारी कमी होतात. तीन सेकंद हा काळ ऐकायला क्षुल्लक वाटतो. लहान मुलांनी भरलेल्या वर्गात तो पाळणे किती अवघड आहे, हे ज्याने पाळून पाहिले त्यालाच कळावे.

बाहुलीघराच्या कडेला रोज उभी राहणारी मुलगी तुम्हाला आठवत असेलच. ती हात मागे बांधून भातुकली पाहत असे आणि कोणी बोलावले तर दोन पावले मागे सरकत असे. तिला खेळात घ्यावे असे मी सुचवले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘ती बघते आहे ना, म्हणजे ती खेळातच आहे. तिचं बघून होऊ दे.’ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले त्यांत केवळ पाहत राहण्याचा स्वतंत्र प्रकार आहे, शेजारी बसून आपापले खेळण्याचा आहे आणि एकत्र मिळून खेळण्याचाही आहे. तुम्ही मला त्या मुलीची नजर कशावर खिळते याची नोंद ठेवायला सांगितलीत. ती भांड्यांकडे पाहत नव्हती, बाहुल्यांकडेही नाही; घरातल्या दोघींमध्ये चाललेले बोलणे ती ऐकत होती आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. हे वाचल्यावर काही दिवसांनी तुम्ही तिच्या हाती एक कोरा कागद देऊन म्हणालात, ‘त्या घरात पत्र पोचवायचं आहे, नेऊन देशील?’ पत्र घेऊन ती आत गेली, तिथे ते पत्र तिलाच ‘वाचून’ दाखवावे लागले, आणि ती बाहेर आली ती सुटीची घंटा झाल्यावरच. खेळात शिरायला तिला आग्रहाची नव्हे, निमित्ताची गरज होती, आणि ते निमित्त तुम्ही मोठ्या खुबीने तिच्या हाती ठेवलेत. मला या सगळ्या काळात इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

सकाळी रडणाऱ्या मुलांबाबतही मी बरेच शिकलो. मुलाचे लक्ष नसताना निघून जाऊ नका, सांगून जा, मग ते रडले तरी चालेल, असे तुम्ही पालकांना आवर्जून सांगता, कारण न सांगता गेलेले माणूस पुन्हा केव्हाही नाहीसे होऊ शकते अशी धास्ती मुलाला दिवसभर राहते. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला ‘आई बारा वाजता येईल’ हे सांगून उपयोग नसतो. म्हणून तुम्ही त्याला भिंतीवरच्या चित्रांच्या पट्टीपाशी नेता आणि आधी खेळ, मग गोष्ट, मग डबा, मग आई, असे त्याच्याच बोटाने दाखवून घेता. एक मुलगा तर प्रत्येक कामानंतर धावत जाऊन त्या पट्टीवर बोट पुढे सरकवून येत असे आणि मग निश्चिंत होऊन खेळू लागे.

मुले अक्षरे कधी गिरवणार, हा प्रश्न पालक तुम्हाला दारात उभे राहून विचारत, आणि तुम्ही न कंटाळता तेच उत्तर देत असा. जन्माच्या वेळी मनगटाची आठही हाडे कूर्चेची असतात, ती वर्षानुवर्षे एकामागून एक हाडात बदलत जातात आणि शेवटचे हाड तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होऊ लागते. अशा हाताकडून पानेच्या पाने गिरवून घेण्याआधी त्याला माती मळू द्यावी, कागद फाडू द्यावा, मणी ओवू द्यावेत, हे तुमचे म्हणणे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी आपली संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनीही मुलांच्या हाती लोकरीचे चेंडू आणि लाकडी गोल, घन व दंडगोल दिले होते. इतक्या जुन्या गोष्टीसाठी आजही शिक्षिकेला रोज दारात उभे राहून समजूत घालावी लागावी, याचे मला वाईट वाटते. तरीही कोणत्याही पालकाशी बोलताना तुमचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्यांची काळजी खरी आहे, एवढे तुम्ही नेहमी मान्य करत होता.

निरीक्षण वही माझ्या हाती देताना तुम्ही एकच अट घातली होती: जे डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे, मुलाला विशेषण लावायचे नाही. ‘हट्टी’ लिहायचे नाही. ‘खेळणी आवरायला सांगितल्यावर टेबलाखाली गेला, गाणे सुरू झाल्यावर बाहेर आला’ असे लिहायचे. या अटीमुळे माझे पाहणेच बदलले. विशेषण लिहिले की शोध थांबतो, आणि टेबलाखाली जाणे व गाण्याबरोबर बाहेर येणे लिहिले की पुढच्या वेळी आवरण्याआधी गाणे सुरू करून पाहावेसे वाटते. आपण तसे केले आणि त्या मुलाने ठोकळ्यांची टोपली स्वतः भरली. कोणाचे कपडे ओले झाले तर ‘कपडे ओले झाले, बदलू या’ यापलीकडे एक शब्दही तुमच्या तोंडून निघत नसे. त्या मुलाभोवती इतर मुले कधी जमली नाहीत, याचे श्रेय मी तुमच्या त्या सपाट, साध्या आवाजाला देतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, ती माझ्यापुरती आहे. बालवर्गात पुरुष प्रशिक्षणार्थी क्वचितच दिसतो, आणि काही पालकांच्या नजरेत प्रश्न होता. तुम्ही पहिल्याच दिवशी मुलांना आणि दारातल्या पालकांना एकाच वाक्यात सांगितलेत, ‘हे दादा आजपासून आपल्याबरोबर शिकणार आहेत.’ त्यानंतर तुम्ही माझी बाजू वेगळी मांडली नाही, तशी गरजही पडली नाही. माझ्याकडे गोष्टीचा तास सोपवतानाही तुमची रीत तीच होती. आधी गोल तुम्ही जमवत होता, गाण्याने मुलांना स्थिर करत होता, आणि मी फक्त गोष्ट सांगत होतो. मग गाणे माझ्याकडे आले, मग गोल जमवणेही. एका गोष्टीच्या मध्यात सगळा वर्ग कोल्ह्याचा आवाज काढू लागला, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही कपाटापाशी कागद लावत होता आणि मान वर केली नाहीत. मी आवाज अगदी खाली आणला, पुढची मुले ऐकण्यासाठी वाकली, त्यांच्यामागची गप्प झाली, आणि गोष्ट पुढे सरकली. तास संपल्यावर तुम्ही विचारलेत, ‘आवाज खाली आणायचं कसं सुचलं?’ आणि माझे उत्तर येईपर्यंत थांबलात. मार्गदर्शक म्हणून तुम्ही माझ्याबद्दल अहवालात जे लिहिलेत ते मी वाचले आहे आणि त्याबद्दल ऋणी आहे, परंतु त्या प्रश्नातून मला स्वतःविषयी जो विश्वास मिळाला तो मला अधिक मोलाचा वाटतो.

सेविका ताईंना माझा नमस्कार सांगावा. सकाळी दार उघडल्यापासून शेवटचे मूल घरी जाईपर्यंत त्यांच्या हाताला विसावा नसतो, आणि त्यांच्यावाचून तुम्हाला असे थांबता आले नसते, हे तुम्हीच मला सांगितले होते. वहीची प्रत मी वेगळी पाठवत आहे. तिच्यात मुलांची नावे नाहीत, पण कोण कोण आहे ते तुम्ही लगेच ओळखाल, आणि पालकभेटीच्या वेळी त्यातल्या काही नोंदी तुम्हाला उपयोगी पडतील अशी आशा आहे.

सत्र संपण्यापूर्वी एकदा मुलांना भेटायला येण्याची परवानगी द्यावी. तुम्ही दिवस कळवलात तर मी डब्यानंतर आणि गाण्याआधी येईन. मुलांनाही ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि पट्टीवर माझ्यासाठी एक चित्र लावावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
तुमच्या वर्गातील प्रशिक्षणार्थी दादा