लाल नॉब फक्त इंजिन बंद करायला नसतो

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात विमानांवर बरंच छापून येतं पण सगळं मोठ्या जेटबद्दल, छोट्या पिस्टन इंजिनवाल्या विमानांबद्दल कोणी लिहितच नाही, म्हणून हे पत्र. शिकत असताना मिक्श्चरचा, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळायचं ते ठरवणारा, लाल नॉब मी कायम पूर्ण आत ठेवायचो, रिच म्हणजे जास्त पेट्रोल, आणि तेच सेफ असं डोक्यात बसलेलं. मग एकदा विमान जमिनीवर चालवत रन-अपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीला, आलो, दोनपैकी एक मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद केला तर इंजिन नुसतं थरथरायला लागलं. प्लगवर पेट्रोलातलं शिसं आणि काजळी! इन्स्ट्रक्टरने आरपीएम वाढवून मिक्श्चर हळूहळू मागे घेतलं, मिनिटभरात प्लग साफ. तेव्हापासून मी जमिनीवर पण लीन करतो, म्हणजे पेट्रोल कमी ठेवतो.

वर गेलं की हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं, म्हणजे रिच ठेवून उलट पॉवर कमीच मिळते. उंचावरच्या धावपट्टीवर तर टेकऑफलाच हे नडतं.

निळ्या नॉबचं, म्हणजे प्रॉपचं (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून आरपीएम ठरवणाऱ्या नॉबचं), थोडक्यात सांगतो. पॉवर वाढवताना आधी मिक्श्चर, मग प्रॉप, शेवटी थ्रॉटल, कमी करताना बरोबर उलटं. आणि ते २५ इंच मॅनिफोल्ड प्रेशरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचात) २५०० च्या खाली आरपीएम नकोच वगैरे जे छातीठोकपणे सांगतात ना, त्यांनी एकदा विमानाचं मॅन्युअल उघडून बघावं, बऱ्याच इंजिनांच्या टेबलात २३०० आरपीएमला २४ इंच सरळ छापलेलं असतं.

एक वाचक