गोलरक्षक मुलीचेही नाव छापा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भारतीय महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक अदिती चौहान हिने जुलै २०२५ मध्ये, सतरा वर्षांच्या कारकिर्दीनंतर निवृत्ती जाहीर केली. माझ्या वाचनात आलेल्या बातम्या दोन-चार ओळींत आटोपलेल्या होत्या. सोलापुरात शाळेत अनेक वर्षे क्रीडाशिक्षिका म्हणून काम केल्यामुळे मला या कारकिर्दीबद्दल, आणि त्यानिमित्ताने आपल्या जिल्ह्यातील मुलींच्या फुटबॉलबद्दल, थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

दिल्लीत वाढलेली अदिती शाळेत आधी कराटे आणि बास्केटबॉल खेळत होती. फुटबॉलच्या गोलमध्ये ती उभी राहिली ती वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास. पुढे क्रीडा व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षणासाठी ती इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाली. तो संघ तेव्हा तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तरीही इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या संघाकडून कॉव्हेंट्रीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिच्यावर पाच गोल झाले. आपल्याकडे एखाद्या मुलीवर एका सामन्यात पाच गोल झाले, तर पुढच्या सामन्यात ती राखीव खेळाडूंमध्ये बसते आणि पुष्कळदा खेळच सोडते. अदिती मात्र त्या संघाबरोबर २०१८ पर्यंत राहिली. मायदेशी परतल्यावर गोकुलम केरळ संघाकडून तिने २०१९-२० आणि २०२१-२२ अशी दोनदा इंडियन विमेन्स लीग जिंकली आणि २०२१ मध्ये आइसलँडमधल्या एका क्लबकडूनही ती खेळली. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकणाऱ्या २०१२, २०१६ आणि २०१९ च्या भारतीय संघांत ती होती. भारतासाठी ती ५७ सामने खेळली. त्यांतला एक तर आपल्या राज्यातच झाला. जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत आशियाई चषकाच्या सामन्यात भारताने इराणला ०-० असे रोखले, तेव्हा गोलमध्ये अदितीच होती. त्यानंतर संघात करोनाची लागण झाल्याने भारताला स्पर्धेतूनच बाहेर पडावे लागले, हे दुर्दैव निराळे.

गोलरक्षक उशिरा तयार होते आणि पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. जर्मनीची नादिन आंगरर २००७ च्या विश्वचषकात एकही गोल न स्वीकारता खेळली आणि अंतिम सामन्यात तिने ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी अडवली. त्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची होती. इंग्लंडच्या मेरी अर्प्सने २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली, तेव्हा तिने तिशी गाठलेली होती. (जगातली उत्तम गोलरक्षक म्हणून गौरवलेल्या या खेळाडूच्या जर्सीची प्रतिकृती त्या स्पर्धेच्या वेळी विक्रीला ठेवण्याची गरजही उत्पादक कंपनीला वाटली नव्हती, चाहत्यांनी मोठी सह्यांची मोहीम चालवल्यावर कंपनीला नमते घ्यावे लागले. गोलरक्षकाकडे दुर्लक्ष होणे हे काही केवळ सोलापूरचे वैशिष्ट्य नाही.)

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. शालेय स्पर्धेसाठी मुलींचा संघ बांधताना पळायला जी कमी पडते, तिला गोलमध्ये उभे करण्याची रीत सर्रास आहे. तिला मिळणारे ग्लोव्हज मुलांच्या संघाकडून आलेले, बोटांच्या टोकाशी रिकामे राहणारे असतात, त्यामुळे हातात आलेला चेंडू निसटतो आणि दोष तिच्या माथी येतो. मैदान मुरमाचे असते. मुरमावर एकदा झेप घेतली की कोपर आणि कमरेची बाजू सोलवटून निघते. दुसऱ्या खेपेला ती मुलगी झेप घेत नाही, नुसता पाय लांब करते. शिक्षक बाहेरून ‘डाइव्ह मार’ म्हणून ओरडत असतात, पण डाइव्ह कशी मारायची हे तिला कुणी शिकवलेले नसते. शिवाय मोठ्यांच्या मापाचा, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल बारा वर्षांच्या मुलीने राखावा अशी आपली अपेक्षा असते. लहान वयोगटासाठी छोटे गोलपोस्ट वापरण्याची पद्धत इतर अनेक देशांत रुळलेली आहे.

एवढा रुंद गोल कोणालाच पूर्ण झाकता येत नाही. म्हणूनच हे काम उंचीइतकेच जागेच्या अंदाजाचे आहे. समोरून एकटी येणारी खेळाडू पाहून नेमके किती पुढे सरकायचे, म्हणजे तिला गोलचा कोन अरुंद होईल. कॉर्नर किकच्या वेळी बाहेर यायचे की रेषेवर थांबायचे. आपल्या बचावपटूंना कधी आणि कोणत्या शब्दांत आवाज द्यायचा, हे सारे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरते. विरंगुळ्यासाठी मारलेल्या चार शॉट्सवर गोलरक्षकाची निवड करणाऱ्या चाचण्यांत यातले काहीच दिसत नाही.

यावर फार खर्चिक उपाय हवेत असेही नाही. बहुतेक शाळांत लांब उडीचा वाळूचा खड्डा असतो. वाळू भुसभुशीत करून त्यात आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने झेप घेण्याचा सराव दिला, तर मुलींची भीती जाते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. उन्हाळी शिबिरांत सोलापूरच्या उन्हामुळे सराव पहाटेच घ्यावा लागतो. त्यातला अर्धा तास गोलरक्षक मुलींसाठी वेगळा ठेवावा आणि त्यांच्या मापाचे ग्लोव्हज साहित्याच्या यादीत स्वतंत्रपणे मागवावेत, अशी शाळांना आणि क्रीडा संघटनांना माझी विनंती आहे.

एक विनंती आपल्याकडेही आहे. शालेय सामन्यांच्या बातमीत गोल करणाऱ्या मुलींची नावे छापली जातात आणि तसे कात्रण घरी जपून ठेवले जाते. त्याच ओळीत दोन्ही संघांच्या गोलरक्षक मुलींची नावेही द्यावीत. यंदाच्या जिल्हा स्पर्धांपासून हे सुरू करता येईल आणि सामना ०-० सुटला असेल, तर तीच नावे आधी यावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सोलापूर