बाई, ‘कॅच’ शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय. हर्णैला आमच्या घरी पाहुणे उतरायला लागल्यापासून दुपारी ओटीवर बसवून तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत, एक पैसा न घेता.

त्यात सगळ्यात कामाला आलं ‘कॅच’ हे क्रियापद. कॅच म्हणजे पकडणे, एवढं शाळेतलं पाठ होतं. मासे पकडतात, दापोलीची एसटी पकडतात; इथवर दोन्ही भाषांचं जमतं. पुढे वाटा फुटतात, आणि तुम्ही नेमक्या तिथे थांबून शिकवलंत. आपल्याला सर्दी होते, इंग्रजीत माणूसच सर्दी ‘कॅच’ करतो. आपण पावसात सापडतो, बाही खिळ्यात अडकते, पेंढ्याला आग लागते. त्यांचं या सगळ्याला एकच क्रियापद, आणि भूतकाळात ‘कॉट’. तुम्ही अर्थांची यादी दिली नाहीत, प्रत्येक अर्थ वाक्यासकट दिलात. ‘चेस’ आणि ‘कॅच’ मूळचे सख्खे भाऊ, दोघेही जुन्या फ्रेंचमधून आलेले, एकाकडे पाठलाग राहिला आणि दुसऱ्याकडे पकडणं, हेही तुम्हीच सांगितलंत. मला ते फार आवडलं.

पाहुण्याचं नाव नीट ऐकू आलं नाही, तर ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम’. नुसतं ‘व्हॉट?’ कानाला उर्मट लागतं. या वाक्यात समोरच्याचा मान राहतो.

आणि जूनमधली ती गोष्ट. पाटीवरचा खोलीचा दर वाचून एका पाहुण्याने विचारलं, ‘व्हॉट्स द कॅच?’ शेजारी उभा असलेला माझा दीर लगेच सुरमई-पापलेटची नावं सांगायला निघाला. पण ‘टुडेज कॅच’ म्हणजे आजची मासळी आणि नुसतं ‘द कॅच’ म्हणजे यातली मेख, हे तुम्ही आधीच समजावलं होतं. मी सांगितलं, मेख काही नाही. १ जून ते ३१ जुलै बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळायची नाही, म्हणून दर उतरवलाय. त्याने पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि बॅग आत ठेवली.

बाई, हे सगळं तुमच्यामुळे. मनापासून आभार.

वाडीतल्या दोघीतिघींनीही घरी पाहुणे घ्यायला सुरुवात केलीय, त्यांनाही शिकायचंय. नारळी पौर्णिमेनंतर दुपारी तुम्हाला सवड असेल तर त्यांना घेऊन येते. कळवा.

तुमची विद्यार्थिनी