दारावर बांडगूळ

वूस्टर, इंग्लंड
१४ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "नाताळाला घर सजवायला एवढ्या फांद्या तोडायच्या, झाडांना काही वाटत नाही का गं?" बोलणं तिथेच राहिलं, पण प्रश्न मनातून जाईना. आपट्याची झाडं ओरबाडली जातात म्हणून तू दसऱ्याला एकच पान देवापुढे ठेवतेस. तुला नुसतं 'इथली पद्धतच आहे' असं सांगून कसं चालेल?

इथे सध्या आठला उजाडतं आणि चारला दिवे लावावे लागतात. झाडांचे खराटे झालेत. अशात हिरवी उरतात ती होली नावाची झाडं, आयव्हीची वेल आणि सूचीपर्णी झाडं, म्हणून तीच घरात आणायची. ही रीत नाताळाहूनही जुनी आहे. रोमन लोक डिसेंबरात सॅटर्नेलियाच्या सणाला घरं हिरव्या डहाळ्यांनी सजवत. आमच्या शेजारच्या आजींच्या कुंपणाला होली आहे. पानं काटेरी, चकचकीत, फळं लालबुंद. फळं धरतात ती फक्त मादी झाडाला, आपल्या पपईसारखंच. आजी इथून एक, तिथून एक अशी डहाळी कापतात आणि निम्मी फळं पाखरांसाठी ठेवतात. कापलेल्या जागी पुढे नवी फूट येते.

आणि दाराच्या चौकटीत काय टांगतात माहितेय? मिसलटो, म्हणजे बांडगूळ! दिंडोरीच्या मामाच्या आंब्यावर असतं त्याचंच लांबचं भावंड. आपल्याकडे ती शिवी. इथे त्याखाली उभं राहून माणसं एकमेकांचा मुका घेतात. इकडच्या सफरचंदाच्या बागांत ते फार माजतं. त्याच्या पांढऱ्या फळातली बी इतकी चिकट, की पाखरू फांदीवर चोच पुसतं तिथेच ती चिकटते आणि रुजते. जवळच टेनबरी वेल्सला दरवर्षी त्याचा लिलाव होतो. ते फार वाढलं तर झाड खंगतं, त्यामुळे बागवाल्याला काढावंच लागतं. म्हणजे इथे तोडल्याने झाड वाचतं, आई. फळं विषारी असतात, म्हणून आम्ही ते पिंट्याचा हात पोचणार नाही असं उंच टांगलंय.

अख्ख्या ख्रिसमस ट्रीला मात्र माझं मन अजून धजत नाही. ती झाडं मुद्दाम शेतात लावतात, पुरुषभर उंच व्हायला आठ-दहा वर्षं जातात, हे सगळं खरं. पण पहिल्या वर्षी मी आणलेलं झाड हीटरजवळ ठेवलं आणि दहा दिवसांत त्याच्या सुया गळून पडल्या. चिकाने कापाचं तोंड बंद होतं. बुंध्याची चकती कापून ते पाण्यात उभं करायला हवं होतं. गुलाबाचे देठ पुन्हा कापून पाण्यात ठेवायचे, हे तूच शिकवलं होतंस, तरी मला सुचलं नाही. फार वाईट वाटलं तेव्हा.

यंदा झाड नाही. होली आणि आयव्ही सुतळीत ओवून आंब्याच्या पानांचं करतो तसं तोरण केलंय. ५ जानेवारीच्या संध्याकाळी उतरवायचं.

शरणपूर रोडच्या काकूंकडे नाताळचा फराळ घ्यायला जाशील ना? लहानपणी त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात वाळू भरून सुरूची फांदी उभी केलेली असायची. अजून सुरूच आणतात का, आणि दारावर काय लावतात, तेवढं विचारून मला कळव.

तुझी,
माई