दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळांत मी काय विचारत होते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्लीची मुलं विहारात जाऊन बसतात, चर्चमध्ये डोकावतात, कुराणाचं भाषांतर वाचतात, पण स्वतःच्या धर्मातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असा सूर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या दिसतो. मी मुलगी नाही. पन्नाशी उलटली आहे, चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, घरात देव्हारा आहे, गणपती-गौरी आहेत. तरी गेली काही वर्षं मीही तेच करते आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान गेले तेव्हा शेजारपाजारच्या माणसांनी आमच्यासाठी खूप केलं, ते मी विसरणार नाही. पुढे भाद्रपद आला. लग्न होऊन आल्यापासून आमच्याकडे गौर मीच आणत असे. त्या वर्षी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या हातातलं सूप हळूच काढून जावेच्या हातात दिलं. बोलल्या काहीच नाहीत. सुपातला तेरडा, आमच्याकडे गौर म्हणून तोच आणतात, सकाळी मीच बांधावरून उपटून आणला होता, मुळांची माती अजून ओली होती. तेरडा चालला, आणणारी चालली नाही. इतकी वर्षं जिला ओवसलं त्या गौरीला माझा हात नको आहे, हे तिने सांगितलं की माणसांनी? हा प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी आपलंच वाचावं, हा सल्ला मला मान्य आहे आणि मी तसंच केलं. वाचनालयातून पोथ्या आणल्या, गाथा वाचली, जनाबाई आणि सोयराबाई पुन्हा वाचल्या. पण आपल्या घरातली कुठली गोष्ट धर्माची आणि कुठली नुसती सवयीची, हे घरात बसून मला उमगत नव्हतं. ते बाहेर पडल्यावर दिसायला लागलं. मी सगळीकडे एकच विचारत गेले: नवरा गेल्यावर बाईचं तुमच्याकडे काय करतात?

आमच्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. रेवदंड्यात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग आहे. नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं ही मंडळी सांगतात. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. बहुतेक घरं १९४८ नंतर इस्राएलला गेली. राहिलेल्यांपैकी एका घरी मालिद्याला मला बोलावलं. गुळातले पोहे, वेलची, फळं आणि वर खवलेला नारळ, तो आमच्याच वाडीतला. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने हिब्रूत प्रार्थना झाली आणि लगेच मराठीत ‘घ्या, घ्या’ सुरू झालं. त्यांच्याकडे जोडीदाराचं सुतक सात दिवस, आणि पुढे तिसाव्या दिवसापर्यंत काही बंधनं. मग संपलं.

ओळखीच्या एका कोकणी मुसलमान आपांनी त्यांच्या इद्दतीचं सांगितलं. चार महिने दहा दिवस, आणि बाई गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. तेवढे दिवस नटणं-सजणं नाही, शक्यतो घराबाहेर पडणं नाही. ते मला जाचकच वाटलं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पण त्या म्हणाल्या, मुदत संपली की संपली, पुढे कुणी अपशकुनी म्हणत नाही आणि दुसरं लग्नही करता येतं. त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या दुःखाला मुदतच ठेवलेली नाही, हे मला तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

साळावचा पूल ओलांडून कोर्लईच्या चर्चमध्येही गेले. मिस्सेत मध्येच सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, ‘शांती असो’ म्हणतात. शेजारच्या अनोळखी बाईने माझ्याकडे वळून हात जोडले. माझ्या कपाळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. प्रसादाच्या वेळी मात्र मी बाकावर बसून राहिले, कारण तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो.

सगळीकडे सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. सिनेगॉगमध्ये परंपरेप्रमाणे दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, तिथे बायका मोजत नाहीत. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायला बायकांना २०१६मध्ये हायकोर्टाचा निकाल मिळवावा लागला. आणि ख्रिस्ती, बौद्ध घरांतही नवरा गेल्यावर बांगड्या फोडल्याचं बायकांनीच मला सांगितलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते विहारातल्या एका काकांनी. बौद्ध होताना घ्यायच्या बावीस प्रतिज्ञा वाचून (त्यांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, अशीही एक आहे) मी म्हटलं, मला गौरी-गणपती सोडवणार नाहीत, मग मी इथे बसू का? ते म्हणाले, ताई, खुशाल बसा, पण तुम्ही बघायला आलात आणि आमची माणसं पाण्यासाठी निघाली होती, एवढं लक्षात असू द्या. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ही तारीख शाळेत पाठ केली होती. मला घरी परत यायची मुभा ठेवून फिरता येतं. त्यांच्या आजोबांना ज्या घरात मानाने घेतलंच नव्हतं, तिथे परतायचं कशाला? धर्म सोडणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या पत्रलेखकांनी हा फरक ध्यानात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्यांचं वाचल्याने माणूस आपल्यातून जातोच असंही नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा अरबी शिकून कुराण वाचत होते. पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, पण इंग्लंडमध्ये चर्चच्या मंडळींशीही त्यांनी निकराने वाद घातला. त्यांच्याच शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये लग्न केलं, तेव्हा दापोलीजवळच्या मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. धर्म बुडाला म्हणून तेव्हा ओरडणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

‘मग तुम्ही आता नक्की कुठल्या?’ असं मला लग्नाकार्यात विचारतात. मला अजून सांगता येत नाही. तुळशीपाशी दिवा लावते, हरिपाठ म्हणते, सत्यनारायण घालणं थांबवलं आहे. गेल्या भाद्रपदात गौर मी आणली, आणि जाऊ माझ्या बाजूला उभी राहिली. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी लिहिलं आहे, धर्माचं आचरण त्यानंतर. तेवढा अवकाश शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातलगांनीही द्यावा. वीस वर्षांच्या मुलाने दोन पुस्तकं वाचली की लगेच त्याच्याकडून निकाल मागू नये.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने त्याच महिन्यात तो कित्ता घ्यायला इतर ग्रामपंचायतींना सांगितलं. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांनी त्याचं काय केलं, याची बातमी आपल्या वार्ताहरांनी जरूर करावी.

आणि एक मागणी आपल्याकडेच. सणावाराला आपल्या पुरवणीत शीरखुर्म्याची कृती येते, नाताळच्या केकची येते. त्याच पानावर रेवदंड्याच्या, कोर्लईच्या, महाडच्या माणसांना त्यांच्या श्रद्धेबद्दल त्यांच्याच शब्दांत लिहू द्या, त्यांना न पटणाऱ्या गोष्टींसकट. आमच्या आपा लिहायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

आपली,
एक बागायतदार वाचक
चौल, ता. अलिबाग, जि. रायगड