गणेश चवथीच्या आधी छप्पर दुरुस्त करून गेलेल्या सुतार मेस्तांना

मेस्त, सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात घालत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "वहिनी, माझा नंबर कोणाला देऊ नका, हातातले कामच उरकत नाही." चवथीला घरी आलेल्या प्रत्येकाने गणपतीला हात जोडून झाले की वर छपराकडे पाहिले आणि विचारले, "मेस्त कोण मिळाला?" मी तोंड उघडले नाही. मुंबईहून आलेल्या धाकट्या दिरांपाशीसुद्धा नाही. पण आभार मानल्यावाचून राहवेना, म्हणून हे असे सगळ्यांसमोर, बिननावाचे.

यंदा, 2025 मध्ये, गोव्यात पाऊस मेमध्येच उतरला आणि आमची शाकारणी अर्ध्यावर राहिली. कौले चाळायला येणारी माणसे उत्तर कर्नाटकातली. ढग दिसताच ती पेरणीसाठी गावी गेली, त्यांचा काय दोष? जूनमध्ये राजांगणाच्या, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाच्या, कोपऱ्याशी पुन्हा थेंब पडू लागला. जुलैत तिथे दोन बादल्या आणि सासूबाईंचे पितळी घंगाळ मांडलेले होते. आणि नेमका तोच सोपा, जिथे आमचा गणपती बसतो.

किती जणांना फोन केले त्याचा हिशेब कालनिर्णयाच्या पानांवर आहे. ज्या दिवशी "फाल्यां येतां" (उद्या येतो) ऐकले, त्या दिवशी एक फुली. अकरा फुल्या झाल्या. एकाने सामानासाठी 5,000 रुपये आगाऊ नेले, त्याचा फोन अजून बंद आहे. दुसऱ्याने वर न चढता खालूनच मोबाइलवर फोटो काढले, "कौले काढूनच टाका, लोखंडी कैच्या घालून रंगीत पत्रा मारू" म्हणाला आणि साडेचार लाख सांगून गेला. सासूबाई त्या दिवशी धड जेवल्या नाहीत.

तुम्ही शनिवारी, 23 ऑगस्टला, आठला येतो म्हणालात आणि आठाला दहा मिनिटे कमी असताना अंगणात शिडी टेकवलीत. अमावास्या होती. सासूबाई पुटपुटल्या, तर तुम्ही म्हणालात, "आई, पाऊस तिथी बघून पडतो का?" त्या चक्क हसल्या.

मला वाटले, आता वर चढाल. तुम्ही मात्र सोप्यातले दिवे घालवायला सांगितलेत आणि मान वर करून अंधारात नुसते उभे राहिलात. कौलांतून कुठे कुठे उजेडाचे ठिपके दिसतात ते मोजलेत, खडूने वाशांवर खुणा केल्यात. मग म्हणालात, "थेंब इथे पडतो, पण पाणी इथून शिरत नाही." पाणी वर कुठेतरी आत येते, वाशाच्या पोटाला धरून खाली उतरते आणि सांध्याशी अडले की तिथे गळते. दोन वर्षे आम्ही त्या सांध्यावरचीच कौले बदलून घेत होतो!

खरे दुखणे हातभर वर होते, राजांगणाची दोन छपरे मिळतात त्या पन्हळीत. फणसाची पाने कुजून तिथे गच्च बसलेली, खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. शिवाय माकडांनी सात कौले फोडली होती. शेवाळलेल्या छपरावर गोणपाट टाकत, वाशाच्या रेषेवरच पाय ठेवत तुम्ही वावरत होतात, तेव्हा मी खाली शिडी धरून उभी होते. शिडी हलत नव्हती, पण धरून ठेवल्याशिवाय माझेच मन थाऱ्यावर राहीना.

बाजारातली नवी कौले आमच्या जुन्या मंगळुरी कौलांत बसत नाहीत, खाचा जुळत नाहीत, हे मला आधीच्या एकानेही सांगितले नव्हते. तुम्ही मागचा रिकामा गोठा बघून आलात. त्याच्यावर त्याच छापाची कौले! तिथली उतरवून इथे घातलीत आणि गोठ्याच्या उघड्या भागावर पत्रा मारलात. गुरे विकली त्याला बारा वर्षे झाली; गोठा उपयोगी पडला. त्या कौलांवरचे 'बासेल मिशन 1865' वाचून आमचे मुलगे घर दीडशे वर्षांचे असल्याचे मित्रांना सांगायचे. ते कौल भाजल्याचे नव्हे, मंगळुरातला कारखाना सुरू झाल्याचे साल, हेही तुमच्याकडूनच कळले. (मुलांना अजून सांगितलेले नाही.)

पण मला सगळ्यात मोलाचे वाटले ते तुम्ही न केलेले काम. गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगतो ती तुळई काळी पडली होती. नारळांची आणि सुपारीची पेंडे, तोरिंगे, चिबूड, सगळ्यांचा भार तिच्यावर. माझा जीव तिच्यातच अडकलेला. बदलून टाका, मी म्हटले. तुम्ही स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलात, लाकडी हातोडीने ठोकून कान लावलात. "किंदळाची आहे. वरचाच पापुद्रा भिजलाय. बदलायला सांगेन तर पाप लागेल." त्या दिवशी हो म्हणाला असतात, तर मागाल तेवढे पैसे आम्ही मोजले असते.

दुसऱ्या दिवशी चहाला टेकलात तेव्हा मी विचारलेच, माणसे गेली कुठे? तुम्ही बोटे मोजलीत. हाताखाली शिकलेले दोघे आसगाव-शिवोलीकडच्या व्हिलांच्या कामावर, तिथे कंत्राटदार महिन्याचे पैसे बांधून देतो. एक जहाजावर. मुलगा फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये वायरमन शिकला, तो आखातात. सोबतचा ओडिशाचा पोर तेवढा उरला, आणि त्याच्याशी तुम्ही हिंदी, कोकणी नि खुणा अशा तिन्ही भाषांत बोलत होतात. "एका फुटक्या कौलासाठी सावईवेऱ्यापर्यंत कोण येणार, वहिनी? दिवस मोडतो, आणि मजुरी अर्ध्या दिवसाची." आम्हीही तशीच द्यायचो, हे मला तेव्हा आठवले. घासाघीस करून चाळीस-पन्नास रुपये वाचवायचे आणि शेजारणीला सांगायचे.

तुमच्या दोन दिवसांचे 2,400, पोराचे 1,600, पत्रा आणि खिळे 1,350. मी वर 500 ठेवले, ते तुम्ही पोराच्या खिशात घातलेत.

तयेच्या रात्री, म्हणजे चवथीच्या आदल्या रात्री, पावसाने झोडपून काढले. मी दोनदा उठून सोप्यात गेले, पायाने जमीन चाचपली. कोरडी. सकाळी तुळईला माटोळी बांधली आणि घंगाळ धुऊन परत माळ्यावर गेले.

फणसाची छपरावर आलेली फांदी तुम्ही सांगितल्याप्रमाणे तोडून घेतली आहे. शाकारणीसाठी एप्रिलचा पहिला आठवडा धरा, पूर्ण दिवसाच्या मजुरीने. आणि हो, तुमचा काटकोन बघायचा गुण्या आमच्या खिडकीत राहिला आहे. चवथीच्या नेवऱ्या मुलाबरोबर तुमच्या घरी पोचवल्या, तेव्हा तोही देता आला असता. मुद्दामच दिला नाही. तुमच्याकडे दुसरा असेलच. हा न्यायला एप्रिलमध्ये या.

तुमची,
सावईवेऱ्याची वहिनी