डायल साफ करायचा होता, कॅमेरा टाकायचा नव्हता

मा. संपादक, स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधी मुलीसाठी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, तिला पक्ष्यांचे फोटो काढायचेत आणि नवा घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. कॅमेरा मालवणहून आलेला, वर एक ओरखडा नाही. पण पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मागचा डायल बिघडलाय. अपर्चर, म्हणजे लेन्समधून किती उजेड आत घ्यायचा तो आकडा, ५.६ वरून ८ वर न्यायला फिरवला की आकडा एक घर पुढे जायचा आणि लगेच उलटा ४.५ वर यायचा, कधी नुसतं टिकटिक वाजायचं आणि स्क्रीनवर काहीच हलायचं नाही. पोरगी शेवटी वैतागून सगळं ऑटोवर टाकून फोटो काढायला लागली, मला फार वाईट वाटलं.

एका सर्व्हिस सेंटरवर गेलो तर तिथल्या मुलाने कॅमेरा हातातही घेतला नाही. "काका, मॉडेल जुनं झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या जवळ एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्यांनी उघडून भिंगाखाली दाखवलं, डायलखाली एक चकती असते आणि तिच्यावर केसासारख्या बारीक पत्त्या घासत जातात, दोन पत्त्या थोड्या मागेपुढे लावलेल्या असतात, आधी कुठली टेकली यावरून कॅमेऱ्याला कळतं डायल कुठल्या बाजूला फिरला. आमच्या चकतीवर काळपट थर बसलेला, खाऱ्या हवेने असेल, त्यामुळे एक पत्ती टेकायचीच नाही आणि कॅमेरा दिशा चुकायचा. एवढंच! ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, मऊ ब्रश, डायल दोन्हीकडे भरपूर फिरवला, रात्रभर सुकू दिला. दोन महिने झाले, एकही आकडा उडालेला नाही.

कोणी घरी करणार असेल तर आधी बॅटरी काढा, आणि फक्त बाहेरून डायलच्या कडेला थेंब सोडून फिरवून बघा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, गंजाचा तेलकट स्प्रेही नको. आणि कव्हर मात्र उघडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो, जोरात झटका बसतो. जुना कॅमेरा घेताना दुकानातच प्रत्येक डायल हळू आणि जोरात, दोन्हीकडे फिरवून बघा, मी फक्त लेन्स आणि शटर काउंट (कॅमेऱ्याने आत्तापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) बघत बसलो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं घेतली. कॅमेऱ्याचं नाव त्यात वेगळं नाही. माझी विनंती आहे की ते घ्यावं, आणि डायलची चकती, बटणं, रबर ग्रिप असले छोटे पार्ट आणि सर्व्हिस मॅन्युअल कंपन्यांनी बाहेरच्या मेकॅनिकलाही रास्त दरात द्यावं, मॉडेल बंद झाल्यावरसुद्धा काही वर्षं. आमच्या मेकॅनिककाकांकडे बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचा एक डबा आहे, आज ते पार्ट त्यातूनच काढतात, डबा संपला की पुढच्या गिऱ्हाइकाला तेही नाहीच म्हणणार.

– एक वाचक, पुणे